तांबीबरोबरचं वाक्य

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर तोंडाने फटकळ. मी दाराशी बसून केसपेपर लिहितो, पडद्याआडचं सगळं कानावर पडतं. तांबी बसवायला आलेल्या प्रत्येक बाईकडून त्या एक वाक्य म्हणवून घेतात. "तांबीनं मूल थांबतं, एचआयव्ही थांबत नाही. त्याला निरोधच." कुणी पुटपुटलं की झालंच. "मोठ्यानं म्हण बाई, मिठाची गुळणी धरलीयस का?"

हे वाक्य सांगायचं त्यांनी टाळलं, ते एकाच बाईला. सख्ख्या धाकट्या बहिणीला.

तिचा नवरा कामासाठी चार-चार महिने बाहेरगावी असायचा. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती तांबीसाठी ताईकडेच आली. सिस्टरांनी तांबी बसवली आणि म्हणाल्या, "जा, आता बिनघोर राहा." निरोध वापरा म्हणावं, तर मेहुण्यांवर संशय घेतल्यासारखं झालं असतं. तोवर घरात निरोध होते, ते बंद झाले. तीन वर्षांनी मेहुण्यांचा ताप हटेना, म्हणून रक्त तपासलं. मग तिचं तपासलं. दोघांनाही एचआयव्ही निघाला.

आज ती रोज गोळी घेते, तब्येत ठणठणीत आहे. दोघी बहिणी एका ताटात जेवतात, आणि त्यानं काही होत नाही हे सिस्टर सगळ्यांना ठणकावून सांगतात. बहिणीनं ताईला कधी बोल लावला नाही. मला वाटतं, चार शब्द सुनावले असते तर सिस्टरांना हलकं वाटलं असतं.

परवा सिस्टरांची लेक तांबीसाठी आली. बाळ वर्षाचं झालेलं. बाहेर बाकावर जावई बाळाला घेऊन बसलेला, शेजारी महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेली लेकीची मावशी, म्हणजे तीच धाकटी बहीण. मी कान देऊन बसलो, पण आतून ते वाक्य काही येईना. सिस्टर पडदा सारून बाहेर आल्या, जावयाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि लेकीला म्हणाल्या, "झालं गं. जा आता घरी."

"ताई," मावशी हळूच म्हणाली, "हिलाही तसंच पाठवणार?"

सिस्टर खुर्चीत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी नाक पुसलं आणि पायानं स्टूल पुढे ढकललं.

"या जावईबापू, बसा इथं. दोघांनी म्हणायचंय."

जावई कानापर्यंत लाल झाला, पण म्हणाला. लेकही म्हणाली.

"मला ऐकू नाही आलं," मावशी म्हणाली. "परत म्हणा."