आधी त्याची फ्लॉपी

शेलूबाजारच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या दुकानावर 'संगणक महर्षी' अशी पाटी आहे. पदवी त्याने स्वतःच घेतल्यामुळे निदान समारंभ तरी टळला. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमधला मूळ प्रोग्राम, बदलताना वीज गेली तर बोर्ड निकामी होतो, म्हणून तो आधी सबस्टेशनच्या लाईनमनला फोन करतो. "भाऊ, अर्धा घंटा लाईन नेऊ नको, ऑपरेशन करून राह्यलो."

या वेळी ऑपरेशन माझे होते. माझ्या वारलेल्या भावाने शाळेत असताना लिहिलेला खेळ एका फ्लॉपीवर उरला आहे. तो पाहण्यासाठी मी जुन्या कॉम्प्युटरची नवी नक्कल मागवली, पण तिला फ्लॉपी ओळखताच येईना, म्हणून ती त्याच्याकडे आणली. तासभर तो पुटपुटत सेटिंग बदलत होता. मी फ्लॉपी पुढे केली, तसा त्याने माझा हात मागे सारला.

"घाई कायले करता, सर? सेटिंग चुकलं तर हे वाचायच्या जागी पुसते. आधी माही टाकतो."

त्याने स्वतःची फ्लॉपी काढली. तिच्यावर त्याने लिहिलेला पहिला प्रोग्राम होता आणि त्याचीही दुसरी प्रत नव्हती. ड्राइव्ह बराच वेळ घरघरला. मग पडद्यावर आले, की फ्लॉपी रिकामी आहे.

एक सेटिंग बदलून त्याने हात पुढे केला.

"द्या. आता बरोबर असन."

"नक्की?"

"मालूम नाही, सर. पाह्यासाठी माह्यापाशी दुसरी नाही."

मी फ्लॉपी दिली नाही, आणि घरी जायला उठलोही नाही.