मुलाणी सरांच्या तेरा वसाहती

शाळेत वीस वर्षं काढली की किस्से साठतातच. साडीच्या निऱ्यांत खडूची पूड साठते ना, तसे. झटकायला गेलं की आणखी पसरतात. आमच्या शिक्षक खोलीतले निम्मे किस्से एकट्या मुलाणी सरांचे आहेत. मी गणित शिकवते, ते इतिहास. शाळा टाकवे बुद्रुकच्या पुढे, आतल्या गावात, आठवीपर्यंत. सर घोरावाडीला लोकल पकडतात, कान्ह्याला उतरतात, तिथून मोटारसायकल. तरी वर्गात माझ्याआधी हजर! गावातच राहणाऱ्या बाईला याचा राग येणार नाही तर काय?

*

आठवीला सर अमेरिकेतल्या तेरा वसाहती शिकवत होते. इंग्लंडच्या राजाशी भांडून त्या स्वतंत्र कशा झाल्या, ते.

"वसाहत म्हणजे काय?" सरांनी विचारलं. अख्ख्या वर्गाचे हात वर! आमच्याकडे हा शब्द शिकवावा लागत नाही. इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, गुरुवारी साप्ताहिक सुट्टीला घरी.

सरांनी दोन तास खपून फरक समजावला. तरी चाचणीत एकानं लिहिलंच, "राजा वसाहतींना न विचारता कर लावत असे. शेवटी वसाहतींना स्वातंत्र्य मिळाले आणि तेव्हापासून दर गुरुवारी सुट्टी असते."

मी म्हटलं, शून्य द्या. सर म्हणाले, "निम्मं बरोबर आहे मॅडम. निम्मे मार्क दिलेत."

*

मग सरांनी वर्गातच साम्राज्य काढलं. पुढचे दोन बाक म्हणजे राजा, मागचे सगळे वसाहती. खिडकी उघडायची तर राजाची परवानगी. शिवाय रोज चिंचा, बोरं, आवळे, जे काही खिशात असेल त्यातला वाटा राजाला.

चौथ्या दिवशी पुढचे दोन्ही बाक रिकामे. साम्राज्याला जुलाब लागले होते! हेडसर भडकले. मुलाणी सरांनी शांतपणे फळ्यावर प्रश्न लिहिला, "साम्राज्ये का कोसळतात? कारणे द्या."

राजा बरा होऊन परतला तेव्हा मागचे बाक बाह्या सरसावून तयार. सरांनी तिथेच नियम घातला. "मारामारी नाही, आरडाओरडा नाही. कागद घ्यायचा. आधी तक्रारी, मग मागणी, मग सह्या. आणि एकट्याची सही चालणार नाही. आपलं म्हणणं पटलेलं आणखी एक तरी माणूस पाहिजे."

*

त्या तेरा वसाहतींतल्या लोकांनी राजाचा चहा समुद्रात ओतला, हेही सरांनी शिकवलं. तेव्हाच मी म्हटलं होतं की हे अंगाशी येणार.

दुसऱ्याच दिवशी हेडसरांनी आठवीच्या सानिकाला टपरीवरून चहा आणायला पाठवलं. किटली आली ती रिकामी. चहा जास्वंदीच्या मुळाशी.

"हे काय गं?" हेडसर.

"सर, आमचा खेळाचा तास हुता. तुमी आमाला इचारलं न्हाई."

हेडसरांनी मुलाणी सरांकडे बघितलं. सरांनी किटली उचलली, टपरीवर गेले आणि स्वतः चहा घेऊन आले. त्यानंतर आजतागायत आमच्या शाळेत पोरांना चहा आणायला कुणी पाठवलेलं नाही. मला हा माणूस त्या दिवशी आवडायला लागला, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

*

हीच सानिका जानेवारीत एकदम गप्प झाली. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी पोर, फळ्याकडे बघेना. मधल्या सुट्टीत खोदून विचारलं तेव्हा कळलं. आठवीनंतर शाळा बंद. नववीला टाकव्याला जावं लागतं आणि तिच्या आजोबांनी, आबांनी, नाही म्हणून सांगितलंय. घरात आबांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

मी तडक घरी गेले. आबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि माझं काही ऐकलं नाही. "मॅडम, सा किलोमीटर रस्ता हाय. डंपर लय. पोरीच्या जातीला रोज कोन सोडनार?" मी हात हलवत परत आले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मुलाणी सरांना सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले.

*

आठ दिवसांनी आबाच शाळेत आले. हातात वहीचा फाडलेला कागद.

"सर, ह्ये आमच्या दाराला चिकटवलंय पोरीनं. म्हनती, सरांकडनं वाचून घ्या. तुमीच शिकिवलंय न्हवं?"

सर उभे राहिले आणि हजेरी घेतात त्या आवाजात वाचू लागले. "तक्रार एक. घरातली सगळी कामं मला सांगतात, पण माझ्या शाळेचं ठरवताना मला विचारलं नाही. तक्रार दोन. दादाला टाकव्याला पाठवलं तेव्हाही रस्ता सहा किलोमीटरच होता. मागणी. नववी."

खाली सानिकाची सही. शेजारी निळा अंगठा.

"आन ह्यो अंगठा कुनाचा?"

सरांनी कागद पुढे केला. अंगठ्याच्या ठशावर आडवी रेघ होती, जुन्या विळ्याच्या जखमेची. आबांना ती ओळखायला चष्मा लागला नाही.

"आमची म्हातारी बी फुटली व्हय," ते हळूच म्हणाले. कागद सरांच्या हातातून घेतला. मग म्हणाले, "सर, एक सांगा. ह्ये समदे सवतंत्र झाल्यावर त्या राजाला जेवाया कोन वाढत हुतं?"

मी ओठ दाबून धरले. सर अजिबात हसले नाहीत. "पुस्तकात दिलेलं नाही, आबा. पण पुढे त्यांचं चांगलं जमलं."

आबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेले.

*

मे महिन्यात निकाल लागला. दोन दिवसांनी आबा दाखला न्यायला आले, मागे सानिका. कारकुनाची जागा रिकामी असल्यामुळे दाखले मीच लिहीत होते. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यात मी सवयीनं 'पुढील शिक्षणासाठी' लिहायला घेतलं.

आबांनी टेबलावर बोट आपटलं. "मॅडम, इचारा की आदी."

"सांगा आबा. काय कारण लिहू?"

"लिवा, सवतंत्र झाली."