कठड्यावरचा कॅच

रोजनिशीत ऑफिसचा अख्खा आठवडा दोन ओळींत मावतो. बेसबॉलच्या मैदानावरचा एक रविवार मात्र पानंच्या पानं खातो! गेल्या सीझनला नेदरलँड्सच्या नीउ-व्हेनेप गावातली आम्ही तीन मराठी कुटुंबं सायकली काढून मॅचला जायचो, ते आमच्या शेजाऱ्यासाठी. योस्ट, वय अडतीस, जवळच्या क्लबचा पगारी पिचर. म्हणजे आपल्या भाषेत बोलर.

*

पहिल्याच मॅचला एक बॉल उडून थेट स्टँडमध्ये आला. आमच्यातल्या अनघाने तो उचलून तत्परतेने मैदानात परत फेकला. बाजूच्या डच आजोबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, इथे आलेला बॉल घरी न्यायचा असतो!"

"आणि मग पुढची ओव्हर कशाने टाकणार?" अनघा.

*

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे प्रेक्षक पाय मोकळे करायला उभे राहतात. आम्हाला कुठे ठाऊक! गाणं लागलं, लोक उठले, आणि आम्ही सगळे सावधानमध्ये ताठ.

मागच्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "कोणी गेलं का?"

*

एकदा योस्ट आमच्यात क्रिकेट खेळायला आला. कोपर वाकवून त्याने असा काही बॉल सोडला की माझा स्टंप कुठे गेला ते कळलंच नाही. अंपायर होता अनघाचा नवरा, प्रसाद.

"नो बॉल! हात सरळ हवा!"

योस्टने हात सरळ ठेवून टाकून पाहिलं. हातातून सुटलेला बॉल थेट कुंपणापलीकडे.

"तुमच्या बोलरने असा काय गुन्हा केलाय, की कोपरही वाकवायचं नाही?" योस्ट.

*

शेवटच्या मॅचला मात्र कोणी हसत नव्हतं. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये आणि योस्टचा करार बंद. जिंकलो तर अजून एक वर्ष. "या वयात मला दुसरं कोण घेणार?" सकाळी सायकलमध्ये हवा भरताना तो म्हणाला होता.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे, एकच आउट हवा, पण त्यांचे दोन रनर धावायला टपलेले. योस्टने टाकलेला बॉल बॅटरने उंच उडवला, तिरका, आमच्या कठड्याकडे. आमचा फील्डर ग्लोव्ह वर करून धावत आला. आणि प्रसाद! पुण्यात वर्षानुवर्षं स्लिपमध्ये उभा राहिलेला माणूस. कठड्यावरून अर्धा बाहेर झुकला आणि फील्डरच्या ग्लोव्हवरून त्याने बॉल उघड्या हातांनी टिपला!

"कॅच!"

अख्खं स्टँड त्याच्यावर ओरडलं. फील्डरने ग्लोव्ह जमिनीवर आपटला.

"अरे प्रसाद, तो आपलाच फील्डर होता रे!" अनघा म्हणाली. प्रसादचा चेहरा पांढराफटक.

अंपायर कठड्यापाशी आला. प्रसादकडे पाहिलं, फील्डरकडे पाहिलं, दुसऱ्या अंपायरशी बोलला. मग मूठ वर. आउट! प्रेक्षकाने मैदानात हात घालून फील्डरचा कॅच अडवला, तर बॅटर बाद, असा नियमच आहे म्हणे!

जिंकलो.

योस्ट टीमकडे न जाता थेट कठड्याकडे धावत आला. प्रसादचं "सॉरी, सॉरी" चालूच होतं.

"पुढच्या वर्षी याच सीटवर बस," योस्ट म्हणाला.

"ग्लोव्ह घेऊन येऊ?"

"अजिबात नको!"