उघड्या पडद्याचा तंबू

"निघालो" असं ते फोनवर म्हणाले की खुशाल समजावं, माणूस अजून बनियनवर आहे आणि मोजे शोधतोय.

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. पण आमच्या काकांची ती नुसती सवय नव्हती, तो त्यांचा धंदाच होता. एका बांधकाम कंपनीच्या बसगाड्या त्यांच्या ताब्यात. मजुरांना पहाटे कॅम्पातून उचलायचं, साइटवर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. साइटवरून इंजिनिअर बोंबलायचा की गाडी कुठंय. काका थंडपणे सांगायचे, "निघाली." तेव्हा गाडी यार्डात असायची आणि ड्रायव्हर करक चहा पीत असायचा. तरी ती वेळेवर पोचायची. "आधी सांगून टाकाचं," ते म्हणत, "मग त्याच्या मागं धावाचं. न सांगता माणूस धावतच नाही."

बहरीनच्या सनाबिसमधल्या आमच्या इमारतीत ते आणि काकू माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. दोघं मूळचे वर्धा जिल्ह्यातले. मी इथं एका ऑफिसात कागदपत्रं सांभाळायला आले, तेव्हा पहिल्या रात्री काकूंनी डबा दिला आणि काकांनी "जय भीम, पोरी" म्हणून नळाचा व्हॉल्व्ह कुठं आहे ते दाखवलं. ओळख एवढीच. कॉलेजात असताना मी संघटनेसाठी पत्रकं लिहायचे, ती खोड इथंही सुटली नाही. ते मला पत्रकवाली म्हणत. माझं लिखाण वाचून दर वेळी एकच शेरा: "लय गरम आहे. फुकून वाचा, असं वर लिहीत जा."

एका ऑगस्टमध्ये मी त्यांच्याच बसगाड्यांवर पत्रक लिहिलं. बंद एसी, पत्र्याचा डबा, आत कोंबलेली माणसं. खाली सह्या हव्या होत्या. काकांनी पूर्ण वाचलं, घडी करून परत दिलं. "सही नाही करत. जेवाले ये." पुढच्या आठवड्यात दोन गाड्यांचे एसी दुरुस्त झाले, हे खरं आहे. बाकीच्यांचे झाले नाहीत, हेही खरं आहे. मला त्यांचं ते वागणं पटलं नाही आणि आजही पटत नाही. तीस वर्षांत या माणसाच्या नावावर एक चूक नाही, एक मेमो नाही, गाडीला एक ओरखडा नाही. आणि एक सहीसुद्धा नाही.

मग एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, "युरोपात निघालो. एक वर्ष. गाडी अन् तंबू."

नेहमीप्रमाणे हे बनियनवरचं निघणं असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. जयंती कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, तिकडं आहे तरी काय? काका म्हणाले, "काही नाही. राहाचं." पुण्यातल्या मुलीनं फोनवर इंग्रजीत विचारलं, "बाबा, आर यू ओके?" काकूंनी तर कमिटीच्या भर बैठकीत काढली त्यांची. जन्मभर लोकांना कॅम्पातून ने-आण केली, आता म्हातारपणी स्वतःच कॅम्पात राहायला निघाले, तेही भाडं भरून, असं त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. काकाही हसले.

तंबूचं वेड मात्र जुनं होतं. इथं थंडी पडली की लोक दक्षिणेच्या वाळवंटात तंबू ठोकतात. गालिचे, जनरेटर, टीव्ही, सगळा संसार नेतात. काका-काकूही दर हिवाळ्यात आपला छोटा तंबू घेऊन जात. मला एकदा ओढून नेलं. पडदा उघडा टाकून काका दारातच बसलेले. समोरून कुणीही गेलं, अरब असो, पाकिस्तानी असो, की हा हात वर आणि हाक, "तफद्दल!" म्हणजे या, आत या. लोक येतही. काकू पोह्यांवर लालभडक तर्री ओतून ताटली पुढं करत. खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी, काका खूश.

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. इथं आले त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांची एक बस या वाळवंटात बंद पडली. मदत मागायला ते एका तंबूपाशी गेले आणि गावच्या सवयीनं चार पावलं लांब थांबले. गावात त्यांनी लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलेलं. कुठल्या दाराशी किती लांब उभं राहायचं हे पायांना पाठ होतं. आतला म्हातारा उठला, हाताला धरून त्यांना गालिच्यावर बसवलं आणि मधे भाताचं मोठं ताट ठेवलं.

"एकाच ताटात, पोरी," काका म्हणाले. "त्यानं माही जात विचारली नाही, नावबी नंतर विचारलं. तवापासून मले वाटते, भिंतीच्या घरापेक्षा तंबू बरा. पडदा उघडा असला का आत जाचं."

मी म्हटलं, काका, याच देशात तुमचे मजूर एका खोलीत बंकावर बंक रचून झोपतात. ते म्हणाले, "तेबी खरं अन् हेबी खरं." पत्रक लिहिणाऱ्याला असली वाक्यं अजिबात उपयोगाची नसतात.

आता जरा रागाचं. आपल्या पासपोर्टवर युरोपात वर्षभर फिरणं म्हणजे काय, हे कुणी करून पाहावं. तीन महिने आत राहिलात की तीन महिने बाहेर व्हा. आत येण्याआधी तुम्ही परत जाणार याचा पुरावा द्या. परत कुठं? तर नोकरीवर. म्हणजे वर्षभर हिंडायला नोकरी सोडावी लागते आणि नोकरी सोडली तर व्हिसा मिळत नाही. इकडे बहरीनचं वेगळंच. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की इथला रहिवासी व्हिसा खलास. तीस वर्षं राहिलेल्या माणसाची ओळख सहा महिन्यांत पुसली जाते. एक दार म्हणतं बाहेर हो, दुसरं म्हणतं आत ये, आणि दोन्ही दारांवर माणूस आपणच पैसे भरून उभा. गोऱ्या पासपोर्टवाल्याला यातलं एकही वाक्य माहीत नसतं. तो नुसता "निघालो" म्हणतो आणि खरंच निघतो.

काकांनी वाट काढली. आधी दोनदा आठ-आठ दिवसांच्या सहलीला जाऊन, वेळेत परत येऊन, त्यांनी लांबच्या मुदतीचा व्हिसा मिळवला होता. हे मला नंतर कळलं. म्हणजे बनियनवर असतानाच ते धावतही होते. काकूंचा भाचा जर्मनीत इंजिनिअर. त्याच्या नावावर जुनी व्हॅन घेतली. कंपनीच्या मॅनेजरनं सहा महिन्यांना थोडी कमी अशी बिनपगारी रजा दिली. त्यानंतर परत आले तर खुर्ची आणि व्हिसा शाबूत, नाहीतर दोन्ही गेलं. "तवाचं तवा पाहू," म्हणून ते जयंतीच्या तोंडावर गेले. अध्यक्ष त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. फ्लॅटची किल्ली आणि बाल्कनीतला कढीपत्ता माझ्याकडे.

पहिले अडीच महिने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले. व्हॅनच्या टपावर वाळत घातलेली काकूंची साडी, मागं बर्फाचा डोंगर. भांडी घासायच्या सामायिक मोरीवर काकू आणि एक डच आजोबा. नाण्यावर चालणाऱ्या गरम शॉवरमधून साबण अंगावर असतानाच बाहेर पडावं लागलेले काका, याचा फोटो नव्हता. काकूंनी बोलून पाठवलं होतं. मग आतले पंधरा दिवस शिल्लक ठेवून, त्या व्हिसाच्या हद्दीबाहेर पडून ते बोस्नियात, अल्बानियात राहिले. बोस्नियात पहिल्या रात्री अजान कानावर पडली तशी यांना गाढ झोप लागली, असं काकू म्हणाल्या. बौद्ध माणूस, पण तीस वर्षं सनाबिसात काढलेली.

सहा महिने भरत आले तसे ते पुन्हा त्या हद्दीच्या आत शिरले. स्लोव्हेनियात एका तळ्याकाठी तंबू ठोकला. ठरवायला आठवडा उरला होता: व्हॅन भाच्याला देऊन विमानानं परत यायचं, की वर्ष पुरं करून बहरीन सोडायचं. मी रोज विचारायचे आणि काका हवामान सांगायचे.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी ऑफिसातला. "येऊन राहिलो पोरी. तंबू काढला. मॅनेजरले सांगतो."

काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी निघालं. शेजारच्या तंबूत एक एकटी वयस्क बाई होती. तिच्या तंबूचा पडदा उघडा होता. काकूंनी तर्री पोहे केले, काकांनी ताटली भरली आणि वाळवंटात तीस वर्षं पाहिलं होतं तसे, पडद्याखालून वाकून, हसत आत गेले. बाई दुपारची झोपली होती. डोळे उघडले तर डोक्याशी अनोळखी माणूस आणि त्याच्या हातात काहीतरी लाल. ती किंचाळली, पोहे तिच्या पांघरुणावर सांडले, माणसं जमली, तळाचा मॅनेजर आला. तो सभ्य होता. म्हणाला, इथं कुणाच्या तंबूत असं जात नाहीत. बाई घाबरल्या आहेत. हवं असेल तर दुसऱ्या टोकाला एक जागा रिकामी आहे.

"दुसऱ्या टोकाले," काका मला म्हणाले.

मी उसळले. तळाच्या मॅनेजरला काय लिहायचं, कुठं पाठवायचं, हे मी सांगायला लागले. मजकूर अर्धा डोक्यात तयार होता. तेवढ्यात फोन काकूंनी ओढून घेतला.

"कोणी येऊन राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "अन् तूबी पत्रक नको काढू. ऐक. हे म्हणतात, गावात झालं तेच झालं. मी म्हणलं, नाही. गावात आपली काही चूक नव्हती तरी बाहेर उभं केलं. इथं चूक यांची आहे. बाईमाणूस झोपलं अन् हे तर्री घेऊन आत! मी असती त मीबी बोंबलली असती."

मागून काका काहीतरी पुटपुटले. काकू त्यांच्यावर उलटल्या. फोन माझ्या कानाला तसाच.

"तीस वर्षं एक चूक केली नाही तुमी. कायच्यानं? भेवानं. चुकलो त काढून टाकतीन म्हणून. आज एक केली, त लागले पळाले. दुसरे लोक चुकतात त काय गाव सोडतात का, अहो? माफी मागाची अन् इथंच राहाचं. ठोका तो तंबू."

याच त्या काकू, ज्यांनी बैठकीत कॅम्पावरून सगळ्यांना हसवलं होतं.

तंबू त्याच जागी पुन्हा ठोकला गेला. सकाळी काकू एकट्या गेल्या. वाटेवर उभं राहून बाईला विचारलं, चहा घेऊन येऊ का. बाई नाही म्हणाली. काकू "ओके" म्हणाल्या आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. दोघं तिथं आठवडाभर राहिली, त्या नाही म्हणणाऱ्या बाईच्या शेजारी. शेवटच्या दिवशी तिनं हात हलवला म्हणे. काकूंच्या या भागावर माझा फारसा विश्वास नाही आणि त्यानं काही बिघडतही नाही.

त्या आठवड्यात रजा संपली. खुर्ची गेली, थोड्याच दिवसांनी व्हिसा गेला. फ्लॅट मी रिकामा केला. मिक्सर रिफा गावातल्या एका कुटुंबानं नेला, कढीपत्ता माझ्या बाल्कनीत आला. यार्डात काकांच्या जागी आलेला तरुण मुलगा इंजिनिअरला खरं सांगतो, "गाडी अजून निघाली नाही." गाड्या उशिरा पोचतात. चार गाड्यांचे एसी अजून बंद आहेत. त्यावर मी नवीन पत्रक काढलं. काकांना पाठवलं तेव्हा त्यांचा उलट निरोप आला, पोर्तुगालहून: "सगळ्यात वर माहं नाव टाक." आता त्या नावाला इथं किंमत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी टाकलं.

वर्ष संपल्यावर व्हॅन भाच्याला देऊन ते भारतात गेले. त्यांचं विमान बहरीनला बदलायचं होतं. मधे काही तास होते. टुरिस्ट म्हणून व्हिसा काढून बाहेर येता आलं असतं, तसं मी सुचवलंही. काका म्हणाले, "तीस वर्षं राहिलो तिथं पाहुणा म्हणून नको, पोरी." मी तरी मुहर्रकला गेले. विमानतळाजवळच्या मलबारी हॉटेलात बसले आणि आम्ही फोनवर बोललो, मी काचेच्या या बाजूला, ते त्या. काचेतून मुहर्रकची जुनी घरं दिसतात आणि काकूंना कुठल्याशा गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, असं ते सांगत होते. वर्ध्याला घराच्या अंगणात तंबू ठोकणार, पडदा उघडा ठेवणार, गावातलं कोण कोण आत येतं ते बघणार. मी विचारलं, कुणी नाही आलं तर? ते म्हणाले, "त तुह्या काकू एकट्याच पोहे खातीन. मले तर्री आता पचत नाही." मग त्यांच्या विमानाची घोषणा झाली आणि फोन बंद झाला.

हॉटेलवाल्यानं कप उचलता उचलता विचारलं, "दीदी, किसी को लेने आया, कि छोडने?"

दोन्ही नाही, असं मी सांगितलं.