अंबाडा आणि मानेची उशी

मला विमानाची भीती नाही. भीती आहे ती माझ्याच उजव्या हाताची. मागच्या थंडीत नागपूरहून येताना बसमध्ये डुलकी लागली, मान पुढे लोंबकळली, आणि जाग आली तेव्हा तो हात माझा राहिलाच नव्हता. पाण्याची बाटली धरायला गेले तर बोटांतून सुटून गडगडत ड्रायव्हरपर्यंत गेली. दुपारपर्यंत मुंग्या. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, शीर दबते, प्रवासात मान सांभाळा.

आणि आता लेकीचं बाळंतपण, तेही सातासमुद्रापार. तान्ह्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला मी जायचं ठरलंय, पण मीच तिकीट काढू देत नाहीये. तेलानं माखलेलं, पाण्यानं बुळबुळीत झालेलं एवढंसं पोर, आणि नेमकी तेव्हाच माझी बोटं सुटली तर? भाजी चिरताना हा विचार आला की मी विळी आडवी करून उठते.

हीच मान तरुणपणी काय मिरवली होती मी! पौडहून कोळवणला जाणाऱ्या एसटीत बसायचं, पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर कपाळ टेकायचं आणि घोरायचं. उतरताना कपाळावर लाल पट्टा. सासूबाई कुठंही निघाल्या की काखेत स्वतःची उशी. मी शेजारणींना त्यांची नक्कल करून दाखवायचे. एकदा त्यांनीच बघितलं.

"हस, हस. तुजी मान काय म्हशीची हाय व्हय?"

मला वाटलं, हो, म्हशीचीच! अक्कलही तिचीच होती म्हणा.

सून हिंजवडीला नोकरीला जाते. परवा सुट्टी काढून ती मला भूगावच्या एका दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं गळ्याभोवती घालायच्या उशा मांडल्या. फुगवायची घातली तर कुणी गळा आवळतंय असं वाटलं. थर्माकोलच्या दाण्यांची मऊ होती, पण डोकं टेकताच दाणे इकडंतिकडं पळाले. मग जाड फोमची. ती घालून मी स्टुलावर बसले आणि डोळे मिटले.

"आजी, झोपताय की काय?"

"मग काय, उशी घेऊन नाचू?"

दुकानदार हसला. माझं हसू मात्र तिथंच विरलं. उशी मानेला टेकू देण्याऐवजी डोकं पुढे ढकलत होती. हनुवटी छातीला लागली. हुबेहूब नागपूरची बस. दुसऱ्या कंपनीची घातली, तरी तेच. म्हटलं, संपलं. ही मान आता कुठल्याच उशीत बसायची नाही.

सून मागून बघत होती. "आई, तुमचा अंबाडा!"

खरंच की. लग्नापासून घट्ट अंबाडा. त्यावर उशीची जाड पाठ आली की डोकं पुढे जाणारच. सुनेनं भर दुकानात काटे काढले, वेणी घालून पुढे सोडली, आणि पाठीला पातळ, बाजूंना जाड अशी उशी शोधली. मान कलली आणि तिथंच थांबली. आरशात उंदराच्या शेपटीसारखी वेणी. आणि याच डोक्यावर गंगावन खुपसून नारळाएवढा अंबाडा बांधत मी लग्नकार्यांत मिरवत होते!

तरी धीर होईना. रविवारी सुनेला म्हटलं, गाडीतून कोळवणपर्यंत ने आणि वाटेत बोलू नकोस. खड्ड्यांतही झोप लागली. जाग आली तेव्हा डोळे उघडायची हिंमत नव्हती. आधी अंगठा हलवला. हलला. मग एकेक बोट.

"आई, ठीक आहात ना?"

"गप्प. करंगळी अजून यायचीय."

आली, पण उशिरा आली.

संध्याकाळी लेकीला फोन लावला. उशी मिळाली म्हणून सांगितलं, आणि मग तेही सांगितलं. "करंगळीचा भरवसा नाही गं. न्हाऊ घालताना जावईबापूंनी माझ्या हातांखाली हात धरून बसायचं. कबूल असेल तरच येते."

मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे आई, इथं करू काहीतरी.

"अगं, तो मांजर उचलायलासुद्धा घाबरतो."

"मग बरंच आहे. दोघं मिळून घाबरू."

ती हसली. "तिकीट काढू ना?"

"काढ," म्हटलं, आणि पदराखाली मूठ उघडमीट करत राहिले.