पांढऱ्यावरचा पांढरा टाका

पाण्याची टाकी मागे पडली, डांबर संपून खडी लागली, तरी वन्सं थांबायचं नाव घेईनात.

"अहो वन्सं, फोटो बघायला एवढी पायपीट? घरात काय डोळे मिटतात?" वहिनींच्या चपलेत खडा गेला होता.

"घरात रेंज फुल, वहिनी. तिथे हत्तीएवढा जड फोटोही पळेल. रेंज रडते तिथे उघडलं, तर खरं."

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची बहीण. त्यांची उमेदीची वर्षं फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत गेली. स्टुडिओला कुलूप लागलं तेव्हा केस पिकायला आले होते. दुसरी कुणी कपाळाला हात लावून बसली असती. या कॉम्प्युटर शिकल्या. आता लोकांच्या वेबसाइटचे फोटो हलके करून देतात, म्हणजे फाइल लहान करतात, पान पटकन उघडावं म्हणून. वजन उतरतं, कळा उतरत नाही. काम झालं की काच तडकलेला जुना फोन घेऊन गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्यापर्यंत यायचं आणि पान उघडून बघायचं, हा त्यांचा नेम. पूजेसारखाच, न चुकणारा.

आजचं काम घरचंच होतं. वहिनी आणि तीन बायका एका खोलीत भरतकाम करत, पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने. त्यांच्या वेबसाइटवर एक फोटो उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येई. उद्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई ते पान बघणार होत्या. पसंत पडलं तर वर्षभर काम. नाहीतर खोली बंद.

कठड्यापाशी वन्संनी पान उघडलं. वहिनींनी मनात देवाचं नाव घेतलं. फोटो झटक्यात आला.

"अगं बाई! माझी वेल कुठे गेली? हे तर कोरं कापड!"

"मधे वेल आहे?" वन्संनी फोन नाकाशी नेला. "मला वाटलं, नुसती कडच भरलीय. फोटो चॅटवर पाठवलात ना?"

"मग काय कबुतराच्या पायाला बांधू?"

"तिथे पाठवताना ॲपच फोटो पिळून लहान करतं, बारीकसारीक पुसलं जातं, आणि पिळलेलं मी परत पिळलं. आधी विचारायला हवं होतं मी. मूळ फोटो आहे फोनमध्ये?"

"आहे. जागा अडवतो म्हणून आज पुसणारच होते."

"देव पावला! चला मागे."

घरी त्यांनी केबल लावून मूळ फोटो घेतला. चौकट कापली, मागचं टेबल आणि पडदा धूसर केला. तिथलं वजन वाचलं, ते सगळं टाक्यांसाठी राखलं. वहिनी शेजारी बसून बोट दाखवत होत्या, "ही गाठ घालवू नका हं, ती सावलीनेच दिसते." चहावर साय धरली, कुणाचं लक्ष नव्हतं. मग ऊन कलल्यावर पुन्हा तीच खडी, तोच कठडा. बाईमाणसाने एका फोटोसाठी दोनदा एवढं चालावं, याचं वहिनींना मनोमन कौतुक वाटलं.

या वेळी देवाचं नाव पुरं व्हायच्या आत पान उघडलं. वेल होती. गाठ न् गाठ, आपापल्या सावलीसकट.

"दिसली हो!" वहिनींनी तडकलेल्या काचेवरून वेलीवर बोट फिरवलं. "उद्या त्या बाईंनाही दिसू दे."

वन्सं मात्र वहिनींच्या हातरुमालाची भरलेली कड चिमटीत धरून चाचपत होत्या.

"वहिनी, पुढे असे ढीगभर फोटो येतील. दर वेळी तुम्ही शेजारी बसून बोट दाखवणार? मला हा टाका घालायला शिकवा, म्हणजे कुठली गाठ राखायची ते माझं मलाच कळेल. आणि वेडावाकडा आला तरी हसायचं नाही, एवढं कबूल करा."