सरकीत खुपसलेला डबा

ओलसर शर्टावर गरम इस्त्री टेकली की जो वास येतो, त्यानं मला पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापूस पिंजून बी वेगळं काढणाऱ्या कारखान्यातला, सरकीचा ढीग आठवतो. सरकी ओली राहिली की आतून तापते, आधी सावकाश आणि मग एकदम. म्हणून ढिगात तारा खोचून आतलं तापमान पाहायचं आणि ते चढलं की पंख्यांनी आत हवा सोडायची, अशी सोय करून द्यायला मी तिथं गेलो होतो. थंडीचे दिवस होते. कामावरच्या बाया त्या ढिगाला पाठ टेकून ऊब घेत आणि जेवणाआधी आपले डबे सरकीत खुपसून ठेवत. त्या दुपारी, सकाळभर चढत आलेला मधल्या तारेचा आकडा अचानक उतरला. "पाहा, पंख्यानं काम केलं," मालक खूश होऊन म्हणाले. तेवढ्यात एका बाईनं डबा बाहेर ओढला आणि तसाच खाली टाकला. "धरताच नाही येऊन राह्यला," ती बोटांवर फुंकर घालत म्हणाली, "काल तं भाकर कोमटच होती." तेव्हा कळलं, आत तार जळली होती म्हणून आकडा उतरला होता, आणि आमचे पंखे विस्तवाला वारा घालत होते. डबा काढल्यावर ढिगात राहिलेल्या भोकातून धुराची बारीक रेघ वर निघाली. मी पंखे बंद केले, बायांना उठवलं. त्या फाटकापाशी पोचेपर्यंत ढीग पेटला होता. आजही घरात कोणाचा ताप एकदम उतरला की सगळे निवांत होतात, आणि मी थर्मामीटर झटकून पुन्हा लावतो.